कोंडाक्काचा फ्रीज

फ्रीजवर कोंबडी बसली होती.

मी छपराच्या दारातच थांबले. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आत अंधार, त्यामुळे आधी नुसतं पांढरं काहीतरी दिसलं, मग त्यावर एक लाल तुरा दिसला, आणि डोळे सरावल्यावर कोंडाक्काचं सगळं घर दिसलं. शेणानं सारवलेली जमीन, कोपऱ्यात चूल, पश्चिमेची भिंत जवळजवळ सगळी पडलेली आणि त्या भगदाडाला कडब्याच्या पेंढ्या उभ्या केलेल्या. या सगळ्याच्या मधोमध तो पुरुषभर उंचीचा पांढराशुभ्र फ्रीज. शेजारी बाजेवर रंगीत टीव्ही, त्याच्या अंगावर धुतलेला टॉवेल पांघरलेला आणि कपाळाला हळदकुंकू लावलेलं. छताला टांगायचे दोन पंखे पाती पसरून खाली जमिनीवर पडलेले. चुलीपासून हातभर अंतरावर एक फटफटी.

"या बाई, बसा," असं म्हणत कोंडाक्कानं गादीची एक खुर्ची पदरानं पुसून पुढं ओढली.

मी बसले. बसल्याबसल्याच कळलं की ही खुर्ची आपल्या ओळखीची आहे. फ्रीज तर फारच ओळखीचा. परवापर्यंत रोज दुपारी मी त्यातलंच पाणी पीत होते.

माझ्याबरोबर गावचे कोतवाल भागुजीमामा होते. त्यांनी फ्रीजकडे बघितलं, कोंबडीकडे बघितलं आणि खोकला आल्यासारखं करून ते बाहेर जाऊन उभे राहिले.

या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली. हिंगणमाळ हे माणदेशाच्या एका टोकाचं गाव. तिथल्या शाळेत मी नुकतीच लागले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांनी आंबे खायचे असतात अशी माझी समजूत होती. सरकारची समजूत वेगळी निघाली. सुट्टी लागली त्याच दिवशी हातात फॉर्मांचा गठ्ठा आला आणि गावातल्या घरोघरी जाऊन गरीब कोण ते लिहून आणा, असा हुकूम झाला. कागदावर त्याचं नाव भारदस्त होतं, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची पाहणी. यादीत नाव लागलं की स्वस्त धान्य, आणि घर पडकं असेल तर घरकुल, म्हणजे सरकारनं बांधून दिलेलं विटांचं घर. पण टीव्ही, फ्रीज, पंखा, फटफटी, यातलं काही घरात दिसलं की नाव बाद.

तालुक्याला आमचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं होतं. तिथं साहेबांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'दिसेल ते लिहा, सांगतील ते लिहू नका.' लोक खोटं बोलतात, वस्तू खोटं बोलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. साहेब हिंगणमाळला कधी आले नव्हते.

खरं तर दहाएक वर्षांपूर्वीपर्यंत या गावात असल्या पाहणीची गरजच नव्हती. सगळे सारखेच होते, म्हणजे सारखेच कोरडे. बाजरी, मटकी, चार मेंढरं आणि आभाळाकडे डोळे. मग डाळिंब आलं. ज्यांना खोल बोअर मारता आली, ठिबकच्या नळ्या टाकता आल्या, त्यांच्या माळावर लाल फळं लटकली. ज्यांना नाही जमलं, ते त्या फळांच्या तोडणीला जाऊ लागले. ज्योतीरामतात्या साळुंखे पहिल्या प्रकारातले. त्यांची डाळिंबं खोक्यात बसून आखातात जायची. कोंडाक्काचं दीड एकर त्यांच्या बांधाला लागून होतं. तात्यांच्या बोअरा खाली खाली जात राहिल्या आणि कोंडाक्काची विहीर आटली. नवरा आधीच गेलेला. आता ती तात्यांच्याच शेडवर बसून लहान फळ वेगळं आणि मोठं फळ वेगळं करायची.

तात्या माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. हसतमुख, कुणाच्याही लग्नाला सगळ्यात आधी हजर. शाळेच्या समितीचे अध्यक्षही तेच. माझी राहायची सोय त्यांनीच आपल्या घरातल्या बाहेरच्या खोलीत केली होती. त्यांची बायको सुभद्राकाकी रोज दुपारी फ्रीजमधला तांब्या घेऊन यायची आणि मी सगळं पाणी संपवेपर्यंत समोर उभी राहायची.

त्या दिवशी सकाळी मी पाहणीला पहिली गेले ती तात्यांच्याच घरी. माझ्या खोलीतून आठ पावलं. आत पाऊल टाकलं आणि क्षणभर मला घर चुकल्यासारखं वाटलं. टीव्हीच्या जागी भिंतीवर एक चौकोनी पांढरा डाग, तेवढीच भिंत कधी कळकटली नव्हती. छताला दोन रिकामे आकडे. फ्रीजच्या जागी पाण्याचा माठ. आणि तात्या जमिनीवर, फाटक्या घोंगड्यावर, पाय दुमडून बसलेले. ते घोंगडं त्यांनी कुठून पैदा केलं कुणास ठाऊक. आदल्या दिवशी तालुक्याला बैठक होती, मी रात्री उशिरा परतले होते, तेवढ्यात हा सगळा पालट झालेला.

"लिव्हा बाई," तात्या म्हणाले. "दारिद्र्य हाय. काय सांगू तुम्हाला, नुसतं दारिद्र्य."

सुभद्राकाकीनं तोंडावर पदर घेतला आणि ती भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलत होते. मी विचारलं, टीव्ही? नाही म्हणाले. फ्रीज? कसला आलाय. हे स्लॅबचं घर? ते मुलाच्या नावावर आहे, मुलगा पुण्याला, आपण आपले म्हातारा-म्हातारी तात्पुरते पडलोय इथं. दारिद्र्य हा शब्द त्यांनी चार वेळा तरी उच्चारला असेल, आणि दर वेळी अगदी गोड तोंडानं. शेवटी त्यांनी खाली वळणदार सही ठोकली. मी दिसेल ते लिहिलं. दिसत काहीच नव्हतं, म्हणून सगळीकडे 'नाही' लिहिलं. मला हसूही येत होतं आणि रागही येत होता. पण खोली त्यांची, समिती त्यांची, आणि बदलीचं पत्र निघायला एका फोनचा अवकाश, हेही मला माहीत होतं.

आणि तासाभरानं मी कोंडाक्काच्या छपरात त्याच फ्रीजसमोर बसले होते.

"कोंडाक्का, हा फ्रीज कुणाचा?" मी विचारलं.

"घरात हाय म्हंजे माजाच की," ती म्हणाली. तिनं नव्याकोऱ्या कपबशीतून चहा पुढं केला. कपबशीही माझ्या ओळखीची होती.

"तुमच्याकडे लाईट कुठाय?"

"न्हाई."

"मग फ्रीज कशाला?"

कोंडाक्कानं फ्रीजचं दार उघडून दाखवलं. आत भाकरीची टोपली, मिठाचं मडकं आणि चार अंडी. "उंदरं जात न्हाईत ह्यात. लई गुणाचा हाय," ती म्हणाली.

मी तिला परोपरीनं समजावलं. या वस्तू लिहिल्या तर तुमचं नाव यादीत येणार नाही. घरकुल मिळणार नाही. ती भिंत बघा, पावसाळ्यात उरलेल्या भिंतीही बसतील. फक्त एवढं म्हणा की हे माझं नाही. एवढंच वाक्य. ती ऐकत राहिली, मान हलवत राहिली आणि शेवटी म्हणाली, चहा गार होतोय.

मग मी एक चूक केली. फॉर्मचा मथळा मोठ्यानं वाचून दाखवला. म्हटलं, बघा, कागद कशाचा आहे, दारिद्र्यरेषेखालील.

कोंडाक्का ताडकन उठली. तोवर तिचा आवाज कसा मऊ होता, तो बदलला. "बाई, त्यो शब्द ह्या उंबऱ्याच्या आत काडू नका. चूल पेटलीय हितं. माज्या सासूनं दुष्काळात कोंडा रांधून घातला, पर घरात हा शब्द उच्चारू दिला न्हाई. तसल्या कागदावर मी अंगठा न्हाई देणार."

फॉर्म तसाच बिनअंगठ्याचा घेऊन मी बाहेर आले. वाटेत भागुजीमामांनी सगळा उलगडा केला. झालं होतं असं की, शाळेच्या बाई घरी येणार म्हणून कोंडाक्का आदल्या दिवशी तात्यांकडे एक खुर्ची आणि दोन कपबश्या मागायला गेली होती. बाई जमिनीवर कशी बसणार, अशी तिची काळजी. नेमकं त्याच वेळी घरातल्या वस्तू कुठं दडवाव्यात या विवंचनेत तात्या बसले होते. त्यांनी खुर्चीबरोबर सगळा संसारच बैलगाडीत घालून पाठवला. बाई शहराकडच्या, त्यांना असलं सगळं लागतं, म्हणाले.

"मग ती सांगत का नाही हे?" मी विचारलं.

"न्हाई सांगायची ती," भागुजीमामा म्हणाले. "आमच्यात पाव्हण्यासाठी उसनं आणल्यालं पाव्हण्याम्होरं उसनं म्हणत न्हाईत. देणाऱ्याचाबी कमीपणा आन् बसणाऱ्याचाबी. जीव गेला तरी न्हाई."

म्हणजे माझ्या मानपानापायी कोंडाक्काचं घर जाणार होतं. हे कळल्यावर दिवसभर मला दुसरं काही सुचलं नाही.

संध्याकाळी धीर करून मी तात्यांपाशी विषय काढला. ते अंगणात बसून डाळिंबाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यानं वारा घेत होते. पंखे नसल्यानं घामाघूम झालेले, पण खुशीत. यादी चावडीवर वाचून कायम झाली की सामान परत आणतो, मधेच साहेब तपासणीला आले तर पंचाईत नको, असं त्यांनी मला विश्वासात घेऊन सांगितलं. मी म्हटलं, आणि कोंडाक्काचं घर?

"तिचं काय, बाई?" तात्या म्हणाले. "तिला सवय हाय. पुढल्या पाहणीत बघू तिचं." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, खोलीत काही अडचण नाही ना, आणि इथं राहायचंय ना तुम्हाला अजून.

मी भ्याले. हे लपवण्यात अर्थ नाही. मी तेवीस वर्षांची होते आणि ती नोकरी मला फार हवी होती. खोलीत येऊन मी कोंडाक्काचा फॉर्म पुरा केला, रंगीत टीव्ही एक, फ्रीज एक, पंखे दोन, फटफटी एक. दिसेल ते लिहा, असं स्वतःला बजावत होते, आणि प्रत्येक वस्तू लिहिताना अक्षर बिघडत होतं.

चावडीवाचन आठ दिवसांनी होतं. त्याच्या आदल्या दिवशी मला राहवेना. मी पुन्हा कोंडाक्काकडे गेले आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं की तुमचं नाव यादीत नाही, मी तुमच्या घरात काय काय लिहिलंय ते उद्या सगळ्यांसमोर वाचणार आहे, मला माफ करा. ती माझ्यावर चिडली नाही. फटफटीच्या सीटवर तिनं मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्या उलटत उलटत तिनं विचारलं, "आन् तात्यांच्या घरात काय काय लिवलंय?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

"कायच न्हाई?"

"टीव्ही नाही, फ्रीज नाही, पंखा नाही. सही करून दिलीय त्यांनी."

कोंडाक्काचे हात थांबले. मग हळू आवाजात "अरं द्येवा, बिचारा," एवढंच म्हणाली आणि मला घोटभर ताक देऊन तिनं वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांची जीप आली. चावडीत जागा पुरेना. बायका एका अंगाला, बापये एका अंगाला, पोरंटोरं खिडकीत. साहेब टेबलामागे बसले, शेजारी मी गठ्ठा घेऊन उभी. रीत अशी होती की प्रत्येक घराचं वाचायचं आणि मग साहेबांनी विचारायचं, कुणाची हरकत? हरकत नसली की लिहिलेलं कायम, शिक्का.

तात्यांचा फॉर्म आला. मी वाचलं, टीव्ही नाही, फ्रीज नाही, पंखा नाही, वाहन नाही. चावडीत एकदम इतके लोक खोकले की साथ आलीय असं वाटावं. तात्या पहिल्या रांगेत खाली मान घालून बसले होते. साहेबांनी विचारलं, हरकत? कुणी बोललं नाही. निम्मं गाव त्यांच्या बागेत कामाला जात होतं. साहेबांनी चष्म्यावरून एकदा तात्यांच्या इस्त्रीच्या धोतराकडे बघितलं, पण शिक्का उचलला नाही. फॉर्म बाजूला ठेवला आणि पुढचं वाचा म्हणाले.

शेवटी कोंडाक्काचा फॉर्म राहिला. मी मुद्दामच तळाशी ठेवला होता. माझा आवाज इतका बारीक झाला की साहेबांनी मला मोठ्यानं वाचायला सांगितलं.

"कोंडाबाई बापू लोखंडे. घर छपराचं, एक भिंत पडलेली. विजेची जोडणी नाही. रंगीत टीव्ही एक, फ्रीज एक, छताचे पंखे दोन, फटफटी एक."

आता मात्र चावडीला हसू आवरेना. साहेबही हसले असते, पण खुर्चीवर बसल्यामुळे त्यांना तसं करता येत नव्हतं. त्यांना सगळा प्रकार कळला होता, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी तात्यांकडे बघत सावकाश विचारलं, कुणाची हरकत?

तात्यांनी आढ्याकडे नजर लावली. वस्तू माझ्या म्हणावं तर नाव बाद आणि खोटी सही उघडी. गप्प बसावं तर सरकारी शिक्क्यानिशी फ्रीज कोंडाक्काचा होणार. हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं असावं, कारण कपाळाला घाम फुटला होता. तरीही ते गप्पच बसले. कोंडाक्का दुसऱ्याची वस्तू ठेवून घेणार नाही, एवढा त्यांचा तिच्यावर विश्वास होता.

"माजी हरकत हाय," बायकांच्या घोळक्यातून आवाज आला. कोंडाक्का उभी राहिली होती. डोक्यावर पदर, हात जोडलेले.

माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, आता सांगेल. साहेबांनीही मान पुढं केली. "बोला, बाई. वस्तू तुमच्या नाहीत का?"

"तसं कुठं म्हणली मी?" कोंडाक्का म्हणाली. "बाईंनी वाचलं त्ये बरूबर हाय. माज्या घरात समदं हाय. पर तात्यांच्या घरात कायच न्हाई, ह्ये मला काल कळलं. ना पंखा, ना प्यायाला गार पाणी. एका गल्लीत ऱ्हातो साहेब आमी, आन् शेजाऱ्याची ही दशा मला ठावंच न्हाई. काल सांजच्याला घास उतरंना. मला एकटीला करायचंय काय इतकं? तवा म्हणलं, माजं हाय नाही त्ये समदं तात्यास्नी द्यावं. ह्या समद्या गावाम्होरं द्यावं, म्हंजे त्यास्नीबी घ्यायला अवघड वाटायचं न्हाई."

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि पाठोपाठ सगळी चावडी हसू लागली. पोरं खिडकीतून खाली पडली. भागुजीमामा दाराच्या चौकटीला धरून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. एकटी कोंडाक्का हसत नव्हती. मी तिच्या चेहऱ्यावर मिश्कीलपणा शोधत होते, तो कुठंही नव्हता. तिनं ते ठरवून केलं की खरोखरच तिला तात्यांची कणव आली होती, हे मला आजतागायत सांगता येणार नाही.

"मला... मला कशाला गं, आक्का," तात्या कसेबसे म्हणाले.

"नको?" साहेबांनी शिक्का उचलला. "नको असेल तर बाईंनी लिहिलंय ते कायम करतो. खाली तुमची सही आहेच."

तात्या इकडं बघत होते, तिकडं बघत होते. तेवढ्यात बायकांमधून सुभद्राकाकीचा वैतागलेला आवाज आला. "घ्या की वो आता. आठ दिस उकडून जीव चाललाय माजा."

त्यानंतरचं हसणं थांबायला बराच वेळ लागला. तात्या उठले, टोपी सारखी केली आणि खाली बघत म्हणाले, "देतीस तर घेतो, आक्का."

"सुखानं वापरा," कोंडाक्का म्हणाली. "खुर्चीबी न्ह्या. आन् फटफटीवरच्या मिरच्या तेवड्या काडून घेती मी."

साहेबांनी तात्यांचा फॉर्म समोर ओढला आणि सगळ्या 'नाही'वर स्वतःच्या हातानं काट मारली. टीव्ही एक, फ्रीज एक, पंखे दोन, फटफटी एक. बक्षीस मिळाले, असंही कंसात लिहिलं. नाव बाद. दुपारी ते सामान बैलगाडीतून परत गेलं तेव्हा अख्खं गाव गाडीबरोबर चालत होतं, आणि कोंबडी फ्रीजवरून उतरायला तयार नसल्यामुळे तीही तात्यांच्या दारापर्यंत जाऊन आली. तात्या आठवडाभर बागेतच असायचे, गावात दिसले नाहीत. माझ्या बदलीसाठी मात्र त्यांनी कुणाला फोन केला नाही. पुढच्या सोमवारी काकी फ्रीजमधला तांब्या घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "पाणी घ्या बाई, कोंडाक्काच्या फ्रीजमधलं." गावात त्या फ्रीजचं नाव शेवटपर्यंत तेच राहिलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी चावडीतलं मुख्य काम अजून व्हायचंच होतं. हसून हसून दमलेले लोक शांत झाले आणि साहेबांनी कोंडाक्काचा फॉर्म पुढं घेतला.

"आता तुमच्याकडे काय राहिलं, बाई?"

कोंडाक्कानं विचार केला. "चूल हाय. कोंबडी हाय. तीन भिती हायत."

"मग तुमचं नाव घालू या. दारिद्र्य..."

कोंडाक्कानं हात वर केला. साहेब थांबले. आता कुणाला हसू येत नव्हतं. एवढं सगळं होऊन शेवटी या एका शब्दावर तिचं घर अडणार, असं मला वाटलं.

"मग काय लिहू?" साहेबांनी विचारलं. अगदी हळू विचारलं त्यांनी.

"खरं हाय त्ये लिव्हा," कोंडाक्का म्हणाली. "व्हतं. दिलं."

साहेबांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि शेवटच्या रकान्यावर, जिथं शेरा लिहायची जागा असते तिथं, बोट ठेवलं. आठ दिवसांपूर्वी याच कागदावर माझं अक्षर बिघडलं होतं. आता मी शाळेत मुलांना कित्ता घालून देते तसं सावकाश, गोल, टपोरं लिहिलं. 'होते ते सर्व राजीखुशीने शेजाऱ्यास दिले. सध्या भिंती तीन.'

"वाचून दावा," ती म्हणाली.

मी वाचून दाखवलं. तिनं मान हलवली. भागुजीमामांनी शाईची डबी पुढं केली. कोंडाक्काला अक्षर वाचता येत नव्हतं, पण मी कागदाचा वरचा भाग, जिथं तो मथळा होता, तेवढा मागं दुमडला आणि टेबलावर तळहातानं घट्ट दाबून धरला. तिनं ते बघितलं. माझ्याकडेही एकदा बघितलं. मग पदर सावरून ती वाकली आणि माझ्या शेऱ्याखाली तिनं अंगठा उठवला.